विषय: पत्र न आल्याबाबत

टपालपेटी आम्हाला सापडली ती फ्लेक्सच्या मागे.

त्या आठवड्यात आमच्या गटाने विश्रांतवाडीतले बेकायदा फ्लेक्स उतरवायला घेतले होते. रीतसर परवानगी काढली होती, तिची प्रत माझ्या पिशवीत होती, तरी दर दुसऱ्या फ्लेक्सखाली कुणीतरी येऊन "कुणाला विचारून काढताय?" असं विचारायचं. लावताना कुणाला विचारलं होतं, असं मी उलट विचारायची. उत्तर अजून यायचंय. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. भावी माणूस हात जोडून हसत होता आणि खाली शुभेच्छुकांची डोकी तिकिटांसारखी ओळीने चिकटवली होती. त्या फ्लेक्सच्या खालच्या कडेतून एक म्हातारा हात कोपरापर्यंत आत गेलेला मला दिसला.

आधी वाटलं, कुणीतरी फाडतंय. बरं वाटलं. मग तो हात रिकामा बाहेर आला, आणि हाताच्या मालकाने भावी नगरसेवकाच्या बरोबर पोटावर दोनदा टिचकी मारली. आतून पत्र्याचा आवाज आला.

"काढताय ना?" ते मला म्हणाले. "काढा. पण दोरी कापू नका, सोडवा. चांगली नायलॉनची आहे. मला कपडे वाळत घालायला होईल."

फ्लेक्स खाली आला आणि मागे लाल पेटी उभी. रंग उडालेला, पण तोंड उघडं. मी याच कोपऱ्यावरून शाळेत गेले, कॉलेजात गेले, याच कोपऱ्यावरच्या खड्ड्यावर तीन वेगवेगळी पत्रकं लिहिली. पेटी मला कधी दिसलीच नव्हती. तिच्यावर अन्याय झाला हे कळायलासुद्धा ती आधी दिसावी लागते. माझ्या कामातली ही मोठी अडचण आहे.

ते आमच्या मागच्या इमारतीत तळमजल्यावर एकटे राहायचे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बंगळुरूला होती. सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणायला लागले, ते मला "कार्यकर्त्या" म्हणायला लागले. दर गुरुवारी ते त्या पेटीत एक पत्र टाकायचे. फ्लेक्स नसायचा तेव्हा सरळ आणि असायचा तेव्हा खालून हात घालून.

हे मी आधीच सांगते, कारण अशा गोष्टी लिहिताना लोक लगेच हळवे होतात: मला जुन्याचं कौतुक नाही. जुन्या पुण्यात काय काय चालायचं हे मला माहीत आहे आणि ते परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. कोथरूडला मागे एका कॅफेत हस्तलिखित पत्रांची कार्यशाळा होती. मैत्रिणीच्या आग्रहाने गेले. टेबलावर पिवळट केलेले कागद, लाखेच्या कांड्या, पिसाच्या आकाराचं पेन. सगळ्यांनी 'माझ्या भविष्यातील स्वतःला' पत्र लिहायचं, लाखेची मोहर मारायची आणि मग त्याचा फोटो काढायचा. एकही पत्र टपालात गेलं नाही. कसं जाणार? भविष्याला पिनकोड नसतो. मी कॉफी अर्धी टाकून उठून आले.

काकांचं पत्र ही वेगळी गोष्ट होती. त्या पत्राची कुणीतरी खरोखर वाट बघत होतं.

ते कुणी म्हणजे मिरजेला राहणारे त्यांचे मित्र. नोकरीभर दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर बसले. काका हाताने मसुदा लिहायचे, मित्र तो टाइप करायचे. निवृत्तीनंतर मित्र मुलाकडे मिरजेला गेले, आणि जाताना कचेरीतून भंगारात निघालेला आपलाच मराठी टाइपरायटर बरोबर घेऊन गेले. पुढे त्यांचे कान गेले. पूर्ण गेले. यंत्र लावलं की नुसता मंडईचा गलका ऐकू येतो, असं त्यांनी कळवलं होतं. म्हणजे फोन संपला. मग डोळे जायला लागले. मधोमध काळा डाग आणि कडेने थोडं दिसणं. मोबाइलवरची अक्षरं त्यांना दिसत नव्हती. सकाळच्या उन्हात, खिडकीशी बसून, जाड काळ्या शाईतलं बोटाएवढं अक्षर मात्र दिसायचं. आणि तेसुद्धा एकाच माणसाचं अक्षर, कारण ते त्यांनी आयुष्यभर वाचलेलं होतं. अर्धवट दिसलं तरी उरलेलं त्यांना ठाऊक असायचं.

म्हणून काका रुंद, तिरकी कापलेल्या निबेच्या शाईपेनाने लिहायचे. एका पानावर चार-पाच ओळी मावायच्या. साध्या हालहवालीला पानांचा गठ्ठा व्हायचा. उत्तर यायचं टाइप केलेलं, कारण बोटांना कळा कुठे आहेत ते अजून माहीत होतं. आपण काय टाइप केलं ते मित्राला स्वतःला दिसत नसे. कधी एका ओळीवर दुसरी ओळ चढायची. काका ती भिंगाखाली धरून सोडवत बसायचे.

मी रविवारी त्यांच्याकडे जायला लागले. रविवार पेनं धुण्याचा. स्टीलच्या वाडग्यात कोमट पाणी, त्यात उघडलेली पेनं, जुन्या धोतराचा तुकडा. निबेखालची जीभ वेगळी काढून ते जुन्या दातांच्या ब्रशने घासायचे. पाणी काळं व्हायचं, मग राखाडी, मग स्वच्छ. मला बोलण्याची सवय. मोर्चात, सभेत, बैठकीत आम्ही बोलतच असतो. तिथे तासभर कुणी बोलायचं नाही आणि तरी काही राहून गेलं असं वाटायचं नाही. मला हे आवडायला लागलं. मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या गटात असल्या गोष्टींना 'चैन' म्हणतात.

त्यांनी मला एक पेन दिलं. हिरवं, टोपणाला चीर गेलेलं, गळकं. माझी बोटं कायम निळी. त्या पेनाने मी पत्रकांचे कच्चे मसुदे लिहायला लागले आणि एक गोष्ट लक्षात आली. मोबाइलवर मी वाक्य आधी ठोकते आणि मग विचार करते. शाईपेनाने उलटं होतं. खोडलेलं दिसतं, त्यामुळे लिहिण्याआधी थांबावं लागतं. थांबलं की राग थोडा खाली बसतो आणि तळाशी काय आहे ते दिसतं. कधीकधी तळाशी काहीच नसतं.

एक मसुदा त्यांनी मागून घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचला.

"यात 'नागरिकहो' आहेत, 'प्रशासन' आहे, 'निषेध' आहे," ते म्हणाले. "माणूस कुठे आहे?"

मी म्हटलं, पत्रक असंच असतं.

"असेल. आमचंही असंच असायचं."

त्यांचं कसं असायचं ते मला मिरजेच्या पत्रांवरून कळलं. दोघांचा एक जुना खेळ होता. पत्रं कचेरीच्या भाषेत लिहायची. मित्राचं पहिलं पत्र त्यांनी मला दाखवलं ते असं: "विषय: गुडघे. संदर्भ: आपले मागील पत्र. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या डाव्या गुडघ्याबाबतचा प्रस्ताव या कार्यालयाच्या विचाराधीन असून उजव्या गुडघ्याने स्वतंत्र अर्ज करावा."

मी हसले. मग चिडले. 'उपरोक्त विषयान्वये' हे शब्द वाचले की माझं डोकं फिरतं. आमच्या प्रत्येक निवेदनाला याच भाषेत नकार येतो. नकारसुद्धा नाही, 'विचाराधीन' येतं. मी त्यांना तोंडावर बोलले, की काका, या भाषेने लोकांना वर्षानुवर्षं दारात उभं ठेवलंय आणि तुम्ही तिच्याशी खेळता.

"खरं आहे," ते म्हणाले. "पेन्शन त्याचीच मिळते."

वाडग्यातलं पेन त्यांनी उचललं, झटकलं, पुसलं. विषय संपला असं मला वाटलं. तो संपला नव्हता, हे पुढे कळलं.

पावसाळा सरता सरता पोस्टमननेच बातमी आणली. ज्या पेट्यांत पत्रं पडत नाहीत त्या काढणार आहेत. आमच्या कोपऱ्यावरच्या पेटीतली पत्रं काही दिवस मोजतील आणि मग ठरवतील. पोस्टमन वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आजोबा, तुमचं एक सोडलं तर या पेटीत मला गुटख्याच्या पुड्या मिळतात."

हे ऐकून मी पेटले, हे सांगायला नको. टपाल कचेरी आळंदी रस्त्याच्या पलीकडे. काकांचे गुडघे कोपऱ्यापर्यंत जेमतेम पोचवत. आळंदी रस्ता ओलांडणं ही आमच्या भागात धडधाकट माणसालाही जिवाशी खेळण्याची गोष्ट आहे. पेटी गेली तर गुरुवारचं पत्र गेलं. आणि पत्र गेलं तर मिरजेच्या खिडकीत बसलेल्या माणसाला बाहेरून कळण्यासारखं काही उरलं नसतं.

मी आधी सोपा उपाय सुचवला. तुम्ही लिहा, मी टाकीन, रोज त्याच रस्त्याने जाते.

"नको."

मी कारण विचारलं.

"माझ्या हातून सुटेपर्यंत तो नुसता कागद असतो. कोपऱ्यापर्यंत जाताना मी दोनदा परत फिरलोय, काहीतरी भलतं लिहिलं म्हणून. पेटीत पडल्याचा आवाज आला की ते पत्र. मग माझी सुटका." थोड्या वेळाने म्हणाले, "तुमच्या पिशवीत पत्रकं असतात. त्यात हे राहून जाईल."

मला राग आला, पण माझी पिशवी मला माहीत होती.

मग आम्ही आमच्या पद्धतीने कामाला लागलो. पत्रं मोजणार ना? मग मोजू द्या. सोसायटीचा हॉल मिळवला, पोस्टकार्डांचे गठ्ठे आणले, गटातल्या पोरापोरींना बोलावलं. फळ्यावर मी वाक्य लिहून दिलं: आमची टपालपेटी वाचवा! प्रत्येकाने दहा-दहा कार्डं लिहायची आणि मोजणीच्या दिवसांत टाकत राहायची. एवढं साधं. आणि पहिल्याच कार्डावर सगळे अडकले.

पत्ता कुणाचा?

हडपसरहून बाइकवर येणारा आमच्यातला एकजण आमची पोस्टर्स डिझाइन करतो. तो म्हणाला, "ताई, ॲक्च्युली माझ्याकडे सगळ्यांची लोकेशन्स आहेत. पत्ता कुणाचाच नाही."

कुणाकडेच नव्हता. जिवाभावाच्या मित्रांचे मजले माहीत, बेलचा आवाज माहीत, कुत्र्याचं नाव माहीत. पोस्टमनला सांगता येईल असं काही माहीत नाही. मी म्हटलं, वेळ घालवू नका, स्वतःचाच घाला. पेटीला काय कळतंय. मला त्यात काही गैर वाटलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही फारसं वाटत नाही. समोरचा आकडा मागतो तेव्हा आकडा द्यावा लागतो.

कार्डांचा ढीग वाढत होता तेव्हा काका काठी टेकत हॉलमध्ये आले. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी एक कार्ड उचललं, उलटसुलट पाहिलं, दुसरं उचललं.

"स्वतःलाच लिहिताय?"

हडपसरच्या पोराने मान हलवली.

"म्हणजे आपल्याच दाराची बेल वाजवायची, आणि आतून आपणच 'कोण आहे' म्हणून विचारायचं."

पोरं हसली. मी नाही हसले. मी म्हटलं, "काका, तुम्ही तत्त्व धरून बसा. पेटी गेल्यावर तत्त्व टाकायला कुठे जाणार?"

ते खुर्चीवर बसले. काठी दोन्ही हातांनी धरली. हॉलमधला पंखा कुरकुरत होता.

"एक सांगतो, कार्यकर्त्या. ज्या प्रकरणाकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं त्याला मी 'विचाराधीन' लिहिलं, आणि त्याने ते टाइप केलं. रोज. खाली साहेबाची सही, पण अक्षर माझं. माणसं ते कागद घडी घालून खिशात ठेवायची आणि पुढच्या महिन्यात परत यायची. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं, आता भाषा तीच ठेवायची, पण खोटं एक अक्षर लिहायचं नाही. तेवढंच करतोय आम्ही. या पेटीत माझ्यासाठी खोटी पत्रं घालू नका."

ते उठले आणि हळूहळू निघून गेले. दारातून त्यांना उतरायला मदत लागायची. ती करायला मी गेले नाही, दुसरं कुणीतरी गेलं.

मी फळा पुसला. पोरांना सांगितलं, ही कार्डं राहू द्या. प्रत्येकाने घरी विचारून एक तरी खरा पत्ता मिळवा आणि त्या माणसाला खरं काहीतरी लिहा. निम्मी मंडळी तिथूनच गळाली. आकड्यासाठी धावणाऱ्यांना मजकुरासाठी बसवणं अवघड. हडपसरच्या पोराने मात्र तिथल्या तिथे आईला फोन लावून आजोबांचा पत्ता घेतला. पुरंदर तालुक्यातलं गाव. मग तो कार्डासमोर खूप वेळ बसून राहिला. शेवटी त्याने विचारलं, "ताई, खुशाली कशी लिहितात?" मला सांगता आलं नाही. त्याने लिहिलं, मी बरा आहे, तुमची विहीर अजून आहे का.

मी माझ्या मावशीला लिहिलं. तीन ओळी झाल्यावर कळलं, मला तिच्याबद्दल काहीच विचारावंसं वाटलं नव्हतं आजवर. मग विचारायला लागले आणि कार्ड पुरेना.

मोजणीचे दिवस आले आणि गेले. आमच्या पेटीत किती पत्रं पडली मला माहीत आहे, पण तो आकडा इथे देणार नाही. तो कमी होता एवढं पुरे. फ्लेक्ससाठी त्याहून जास्त हात राबले असतील.

एका सकाळी पेटी नव्हती. पदपथावर चार बोल्ट आणि लाल रंगाचं एक कडं. मी रागाने पत्रक लिहायला बसले. तेच हिरवं पेन, तीच निळी बोटं. 'एका वृद्ध नागरिकाचा जगाशी असलेला शेवटचा दुवा तोडला.' काकांना दाखवायला नेलं. त्यांनी दोन ओळी वाचून कागद परत दिला.

"यातला वृद्ध नागरिक मी का?"

"हो."

"काढा मला यातून."

मी काढलं. काढल्यावर पत्रकात काही उरलं नाही, म्हणून तेही टाकून दिलं.

त्या गुरुवारी त्यांनी पत्र लिहिलं, पाकीट बंद केलं आणि टेबलावर ठेवलं. पुढच्या गुरुवारी त्याच्यावर दुसरं पाकीट. मी पुन्हा एकदा विचारलं, टाकते ना मी. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी लिहिलंच नाही. त्यानंतरच्या रविवारी पेनं धुवायची म्हणून मी गेले तर पाणी काळं झालंच नाही. पेनं कोरडी होती. माझा जीव तुटत होता आणि संतापही येत होता. हट्टी म्हातारा! पण हट्ट हे शस्त्र म्हणून मी स्वतः वापरते, दुसऱ्याच्या हातात ते वाईट म्हणू शकत नव्हते.

मधल्या काळात हडपसरच्या पोराला उत्तर आलं. त्याने गटावर त्याचा फोटो टाकला नाही, ते कार्ड घेऊन मला दाखवायला आला. आजोबांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: "पत्र घावलं. कोण गेलं म्हून आदी भ्यालो. विहीर हाय. बघाया ये." पोरगं म्हणालं, जाऊन येतो. तो गेला की नाही ते मी विचारलं नाही.

काकांकडे पत्र येण्याचा रस्ता चालूच होता. पोस्टमन दारात येत होता. तो एका दुपारी आला तेव्हा मी तिथे होते, त्यांच्या औषधांच्या गोळ्या डबीत भरत होते. मिरजेचं पाकीट. काकांनी ते उघडलं, भिंग लावलं, आणि मग भिंग बाजूला ठेवलं. मजकूर एवढा थोडा होता की ते लागलंच नाही. कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला.

वर मधोमध टाइप केलं होतं: स्मरणपत्र.

खाली: "विषय: पत्र न आल्याबाबत. महोदय, आपले पत्र या कार्यालयास प्राप्त झालेले नाही. पत्र आलेच नाही, की आले आणि मला दिसले नाही, याचा खुलासा व्हावा."

'मला' हा शब्द ओळीच्या बाहेर, जरा वर चढला होता.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर नायलॉनच्या दोरीवर त्यांचे दोन सदरे वाळत होते. मिरजेचा माणूस रोज सकाळी उन्हात बसून मुलाने आणून दिलेलं टपाल डोळ्यांपाशी धरून चाचपत असणार. वीजबिल, लग्नपत्रिका, बँकेचं काहीतरी. त्यातला प्रत्येक कागद कोरा दिसत असणार आणि प्रत्येक कोऱ्या कागदाला तो विचारत असणार, हे त्याचं तर नाही?

काका म्हणाले, "पेन भरा."

मी रुंद निबेचं पेन भरलं. शाई जिभेतून उतरायला वेळ लागला, ते पाटीवर रेघा मारल्यासारखं रद्दी कागदावर ओढत राहिले. मग लिहिलं. एवढ्या मोठ्या अक्षरातलं पत्र शेजारी उभ्या असलेल्या माणसापासून लपत नाही, आणि त्यांनी लपवलंही नाही. "विषय: खुलासा. आपले डोळे शाबूत आहेत. पत्रच गेले नव्हते. चूक या कार्यालयाची आहे." खाली नेहमी असायचा तसा 'आपला विश्वासू' नव्हता. नुसतं 'तुझा' होतं आणि एक अक्षर.

जुनी दोन पाकिटं त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली. कोपऱ्यातून काठी घेतली, चपला नको म्हणाले, बूट मागितले.

"चला," ते म्हणाले. "रस्ता ओलांडायचाय."

कोपऱ्यावर त्या चार बोल्टांवर आता नवा फ्लेक्स होता. दुसरा भावी माणूस. आम्ही थांबलो नाही. आळंदी रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिलो. या ठिकाणी पादचाऱ्यांसाठी सिग्नल हवा म्हणून मी निवेदनं दिली आहेत, सह्या गोळा केल्या आहेत, पत्रकं वाटली आहेत. 'ज्येष्ठ नागरिकांना रस्ता ओलांडणे जिकिरीचे होते' हे वाक्य माझं आहे. माझ्या दंडाला धरलेल्या हाताची बोटं किती घट्ट रुतू शकतात, हे त्या वाक्यात नव्हतं.

मी हात वर करून रस्त्यात उतरले. एक रिक्षा थांबली, दोन बाइकवाले पुढून गेले, एकाने जाता जाता "आजोबांना घरी बसवा" असा सल्ला दिला. मी त्याच्या सात पिढ्यांना उद्देशून काही म्हणाले. काका म्हणाले, "मजकूर आवरा." एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल. दुभाजकापर्यंत पोचलो तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते लोखंडी कठड्याला टेकले. पलीकडच्या बाजूला बस आणि टँकर एकामागून एक चालले होते. टपाल कचेरीची भिंत समोर दिसत होती, तिच्यावर लावलेली पेटीही.

त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं. मग पेटीकडे. मग खिशातून पाकीट काढलं आणि दोन्ही बाजू एकदा तपासल्या.

"तू जा," ते म्हणाले. "मी इथून बघतो. मला दिसेल असं टाक."

पाकीट मी पिशवीत ठेवलं नाही. हातात धरून पळत गेले. पेटीशी पोचून मागे वळले तर मधे बस. बस गेली, मागून टँकर. मी थांबले. टँकर गेल्यावर ते दिसले, कठड्याला धरून, मान पुढे काढून. मी पाकीट डोक्याच्या वर धरलं. त्यांनी मान हलवली. मी ते पेटीच्या तोंडात सोडलं. त्याच वेळी मागे कुणीतरी जोरात हॉर्न दाबला.

मी पेटीवर दोनदा टिचकी मारली आणि परत रस्त्यात उतरले.

दुभाजकावर पोचताच त्यांनी विचारलं, "आवाज आला?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही काका. हॉर्न वाजत होता."

"मग?"

"बोटं आत घालून बघितली. तोंडाशी अडकलं नव्हतं. खाली गेलंय."

ते माझ्या बोटांकडे बघत राहिले. निळी होतीच, आता टोकांना पेटीच्या तोंडाची धूळ होती.

"बरं," ते म्हणाले, माझा दंड धरला, आणि घराच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांकडे बघत रस्त्यात पाऊल टाकलं.